पर्यावरणाची चिंता आणि पंचवीस गुण

हवामानबदलाच्या बातम्यांनी महाविद्यालयीन मुले धास्तावलेली आहेत, हे आता कोणी नाकारत नाही. त्यावर दोन उपाय ठरल्यासारखे सांगितले जातात: एक म्हणजे समुपदेशन आणि दुसरा म्हणजे निसर्गाच्या सान्निध्यात घालवलेली एखादी सकाळ. दोन्हींत वाईट काही नाही. परंतु बिघाड विद्यार्थ्याच्या मनात आहे आणि तो तेथेच दुरुस्त करायचा आहे, अशी समजूत या दोन्ही उपायांच्या मुळाशी आहे. इंदुरात अनेक वर्षे शिकवल्यानंतर माझे मत याच्या उलट झाले आहे. या मुलांची भीती बहुतांशी रास्त आहे. तिला हाती घेण्यासारखे काम मिळत नाही आणि तिची दखल घेणारे कोणी भेटत नाही, म्हणून ती जड होते. निसर्गाशी जवळीक म्हणतात, तीसुद्धा सहलीपेक्षा अंगावर पडलेल्या जबाबदारीतून अधिक निर्माण होते.

या विषयावर सर्वाधिक उद्धृत होणारी पाहणी ‘द लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात २०२१ साली प्रसिद्ध झाली. भारतासह दहा देशांतील १६ ते २५ वयोगटातील १०,००० तरुणांना ऑनलाइन प्रश्न विचारण्यात आले होते. हवामानबदलाची फार किंवा अतिशय चिंता वाटते, असे ५९ टक्के जणांनी सांगितले, आणि या भावनांचा रोजच्या जगण्यावर वाईट परिणाम होतो, असे ४५ टक्क्यांहून अधिक जण म्हणाले. हे आकडे सर्वत्र फिरतात. त्याच पाहणीतला दुसरा निष्कर्ष मात्र सहसा सांगितला जात नाही: आपली सरकारे पुरेसे काही करत नाहीत, आपला विश्वासघात झाला आहे, ही भावना आणि चिंतेची तीव्रता या दोन गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या आढळल्या. म्हणजे तापमान वाढते आहे एवढेच या मुलांच्या मनाला लागलेले नाही. ज्यांच्या हाती सूत्रे आहेत ती वडील माणसे स्वस्थ बसली आहेत, हेही लागले आहे. अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात असे दिसले, की हवामानाची चिंता आणि नैराश्य यांची सांगड मुख्यतः सामूहिक कामात फारसा भाग न घेणाऱ्या मुलांमध्ये होती. एकट्याने केलेल्या पर्यावरणस्नेही कृतींनी तसा फरक पडला नाही. एका अभ्यासावरून सिद्धान्त मांडू नये, हे मान्य. पण प्लास्टिकची पिशवी नाकारून मनाला उभारी येत नाही, हा अनुभव ज्याने ती वर्षानुवर्षे नाकारली आहे त्याला नवा नाही.

ही चिंता म्हणजे इंग्रजी माध्यमातल्या, खाऊनपिऊन सुखी घरांतल्या मुलांचे फॅड आहे, असा एक आक्षेप आमच्याकडे हमखास येतो. हा आक्षेप घेणाऱ्याने इंदूरमधल्या भंवरकुव्याच्या शिकवणीवर्गांच्या गल्ल्यांत एक संध्याकाळ काढावी. तेथे खोली घेऊन राहणारी माळवा-निमाडची शेकडो मुले स्पर्धापरीक्षांची तयारी करतात आणि त्यांपैकी पुष्कळांच्या खोलीचे भाडे सोयाबीनवर अवलंबून असते. सोयाबीन काढणीला आले असताना आश्विनात चार दिवस पाऊस लागला, तर शेंगा झाडावरच फुटतात किंवा कोंब धरतात, आणि गावाहून आलेल्या फोनवर ‘सोयाबीन गेले’ एवढेच दोन शब्द ऐकू येतात. तो मुलगा ‘पर्यावरणचिंता’ हा शब्द वापरणार नाही. पुढच्या वर्षी आपण या शहरात असू की नाही, एवढाच हिशेब तो मनाशी मांडत असतो. शहरातल्या मुलीला मोबाइलवर हिमनद्या दिसतात आणि त्याला आभाळ दिसते. घोर एकच आहे. शिवाय शहरातल्यांनाही आता दूरच्या हिमनद्यांची गरज उरलेली नाही. २०२५ च्या डिसेंबरअखेरीस इंदूरच्या भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळून माणसे दगावली, ती देशातल्या सर्वांत स्वच्छ म्हणून गाजलेल्या शहरात.

इंदूरच्या तरुणांची अडचण या गाजण्याने थोडी अवघडच करून ठेवली आहे. २०१७ पासून स्वच्छतेच्या राष्ट्रीय क्रमवारीत शहर वर राहिले. देवगुराडियाचा जुना कचऱ्याचा डोंगर हटला, ओल्या कचऱ्यापासून गॅस तयार करणारा रोज ५५० टन क्षमतेचा प्रकल्प २०२२ साली सुरू झाला, सिरपूर आणि यशवंतसागर ही दोन पाणथळे त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत गेली, आणि २०२५ च्या जानेवारीत उदयपूरबरोबर इंदूरला देशातल्या पहिल्या ‘पाणथळ शहरां’चा मान मिळाला. यातले पुष्कळसे खरे आणि कष्टाने मिळवलेले काम आहे, आणि सफाई कामगारांनी ते पहाटे चार वाजता उठून केले आहे. त्याची टवाळी करण्यात मला रस नाही. प्रश्न एवढाच, की या सगळ्यात विद्यार्थ्याचे स्थान कोणते? १४ जुलै २०२४ रोजी रेवती टेकडीवर चोवीस तासांत अकरा लाखांहून अधिक रोपे लावून गिनीज विक्रम झाला. त्या दिवशी चिखल तुडवत रोपे लावलेल्या मुलामुलींचा उत्साह खोटा नव्हता. पण त्या टेकडीवर उन्हाळ्यात पाणी कोण घालते, किती रोपे जगली, कोणती जात टिकली आणि कोणती जळाली, हे विचारण्याचा हक्क आणि मोजण्याचे काम त्यांच्याकडे कोणी सोपवले नाही. एका दिवसापुरते त्यांचे हात हवे होते, छायाचित्रासाठी चेहरे हवे होते, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा प्रेक्षक झाली. प्रेक्षक म्हणून पाहत राहण्यानेच माणूस खचतो.

याच शहरात शंभर वर्षांपूर्वी एका भयाची वेगळी हाताळणी झाली होती, आणि आमच्या मुलांना ती शिकवली जात नाही याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडेस, जे मुळात जीवशास्त्राचे अभ्यासक, होळकर दरबारासाठी इंदूरची पाहणी करायला आले तेव्हा शहर प्लेगने गांजले होते. नकाशे घेऊन गल्लीबोळांतून हिंडणाऱ्या या साहेबाकडे लोक संशयाने पाहत. १९१८ साली त्यांनी दरबाराला दोन खंडांचा अहवाल दिला. नदीकाठ, बागा, तलाव, सांडपाणी यांचा विचार त्यात आहेच, पण इंदुरात विद्यापीठ कसे असावे याचीही तपशीलवार मांडणी आहे; नगर आणि विद्यापीठ हे त्यांच्या लेखी एकाच विचाराचे दोन भाग होते. अहवालाच्या आदल्या वर्षी, १९१७ च्या दिवाळीला, त्यांनी तुकोजीराव होळकर तिसरे यांच्याकडून एका दिवसाची सत्ता मागून घेतली. दिवाळीची मिरवणूक ठरलेल्या जुन्या मार्गाने जाणार नाही. ज्या मोहल्ल्यांनी आपली घरे आणि रस्ते सर्वांत चांगले स्वच्छ व दुरुस्त केले असतील तेथून ती जाईल, अशी दवंडी त्यांनी पिटवली. मग काय विचारता! गल्लीगल्लीत चढाओढ लागली आणि गाड्या भरभरून कचरा शहराबाहेर गेला. मिरवणुकीत हत्ती-घोडे होते, घाणीचा प्रचंड राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता. त्यांच्यामागून नवे पांढरे कपडे घातलेले, हारतुरे ल्यालेले शहराचे सफाई कामगार निघाले, तेही मानाने. रात्री राक्षसाचे दहन झाले.

यातल्या देखाव्यावर आजचा कोणताही आयोजक भाळेल, आणि तसे देखावे आपण करतोही. मला त्यातली मार्ग बदलण्याची युक्ती महत्त्वाची वाटते. भेदरलेल्या लोकांना गेडेस यांनी धीराच्या गोष्टी सांगितल्या नाहीत, की प्लेगवर व्याख्यान दिले नाही. तुम्ही काय करता यावर शहराचा एक निर्णय अवलंबून राहील, एवढी हमी त्यांनी दिली. निर्णय तसा छोटा होता, मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार एवढाच. पण तो खरोखर लोकांच्या कामावर ठरणार होता. आजच्या विद्यार्थ्याला शपथ दिली जाते, रोप दिले जाते, प्रमाणपत्र दिले जाते. त्याच्या कामावर अवलंबून असलेला एकही निर्णय दिला जात नाही.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे आणि अधिक गुंतागुंतीचेही. १९७० च्या पावसाळ्यात इंदूरच्या तरुणांनी आणि नागरिकांनी नर्मदेचे पाणी शहरात आणावे म्हणून मोठे आंदोलन केले. ‘मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर’ असे ज्या भूमीचे वर्णन, तिच्या सर्वांत मोठ्या शहरात पिण्याच्या पाण्याची ओरड होती. आंदोलन यशस्वी झाले. १९७८ मध्ये नर्मदाकाठच्या जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून, विंध्याचा चढ चढून नर्मदा इंदुरात आली. त्या पिढीला पाण्याची काळजी कमी नव्हती. पण मागणी कोणाकडे करायची हे तिला ठाऊक होते, आणि ऐकावे लागेल असा तिचा आवाज होता. त्या यशाचा जमाखर्चही मांडला पाहिजे. नळाला नर्मदा आली आणि बिलावली, पिपल्यापाला, सिरपूर हे आपले तलाव शहराच्या डोक्यातून गेले. कान्ह आणि सरस्वती या आपल्या नद्या राजरोस गटारे झाल्या. पाणी वर चढवायला लागणाऱ्या विजेचा बोजा इतका, की जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी महापालिकेने २०२३ साली २४४ कोटींचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे, काढले. माझ्या वर्गात ‘तुमच्या नळाचे पाणी कुठून येते’ या प्रश्नाला ‘नर्मदा’ हे उत्तर सगळे देतात. ‘आणि वापरलेले पाणी कुठे जाते’ या प्रश्नाला शांतता पसरते.

ते पाणी शुद्धीकरण केंद्रांतून, आणि जेथे व्यवस्था चुकते तेथे थेट, कान्हमध्ये जाते. सरस्वती शहरातच तिला मिळते आणि कान्ह पुढे उज्जैनपाशी क्षिप्रेत मिसळते. सिंहस्थातल्या स्नानाचे पाणी इंदूरच्या मोऱ्यांशी असे जोडलेले आहे. म्हणूनच २०१६ च्या सिंहस्थाआधी सुमारे १९ किलोमीटरची जलवाहिनी टाकून कान्हचे पाणी उज्जैनच्या घाटांना वळसा घालून पुढे सोडले गेले, आणि २०२८ साठी पुन्हा तशाच बंदिस्त मार्गाचे काम चालू आहे. नदी स्वच्छ करण्यापेक्षा तिला लपवणे सोपे, हा त्याचा सरळ अर्थ मला दिसतो. अभियंत्यांचे मत वेगळे असू शकेल. विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र ही केवढी मोठी शिकण्याची जागा आहे! रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत विंकलर पद्धतीने पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायला आपण शिकवतोच. सामुदायिक स्नानाच्या पाण्यासाठी तो लिटरला किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. प्रयोग मात्र प्रयोगशाळेच्या नळाच्या पाण्यावर होतो, आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांखालून, म्हणजे होळकरांच्या स्मारकांखालून, वाहणाऱ्या पाण्याची बाटली कोणी भरत नाही.

भरायला सांगितलेले नाही, असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरणशिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले, आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी अभ्यासक्रमांसाठी सहा महिन्यांचा पर्यावरण अभ्यासक्रम तयार केला. त्यात पन्नास तासिकांपैकी पाच तासिका आणि शंभरापैकी पंचवीस गुण क्षेत्रीय कामाला होते: जवळच्या नदीची, टेकडीची किंवा माळाची नोंद करणे, एखाद्या प्रदूषित जागेला भेट देणे, परिसरातल्या वनस्पती, कीटक आणि पक्षी ओळखणे. कागदावर याहून शहाणे काही सुचवणे कठीण आहे. प्रत्यक्षात जे होते ते पाहायचे असेल तर सत्राच्या शेवटी जमा होणाऱ्या फायलींचा गठ्ठा उघडावा. कडुनिंबाचे पान सेलोटेपने चिकटवलेले, खाली ‘अझाडिरॅक्टा इंडिका’ हे नाव, आणि पुढच्या दहा फायलींत तेच पान, तेच नाव, एकाच हस्ताक्षरातले वाटावे असे. ‘प्रदूषित स्थळाची भेट’ या मथळ्याखाली इंटरनेटवरून उतरवलेले दिल्लीच्या यमुनेचे छायाचित्र. शिक्षक सही करतो, विद्यार्थी सुटतो. विद्यापीठे बदलली, श्रेयांक पद्धत आली, अभ्यासक्रमाची नावे बदलली; फायलीतले पान तेच राहिले. याचा दोष मुलांना देणे अन्यायाचे आहे. ती फाईल पुन्हा कोणी उघडणार नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असते.

इंदूरच्या मराठी घरांत पत्रीचे जे झाले ते येथे आठवते. हरतालिकेला आणि गणपतीला आघाडा, दूर्वा, शमी, माका, डोरली, रुई, धोत्रा आणावा लागे आणि त्यासाठी घरातल्या पोरांना पिटाळले जाई. आघाडा कुठे उगवतो, शमी कोणाच्या अंगणात आहे, हे त्यांना माहीत असायचे, कारण चुकीचे पान आणले तर आजी परत पाठवी. त्यात निसर्गप्रेम नव्हते; गरज होती आणि तपासणारे कोणी होते. ओळख त्यातूनच झाली. आता राजवाड्यापाशी पत्रीची जुडी विकत मिळते, तिच्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही नेमके सांगता येत नाही, आणि पूजा करणारा तरुण आघाड्यावरून रोज चालत जातो पण त्याला तो दिसत नाही. जुन्या काळात परत जा, असे मी म्हणत नाही. ओळख कशी होते याचा हा पुरावा आहे, एवढेच.

सिरपूर तलावावर हिवाळ्यातल्या सकाळी गेले, की हाच पुरावा दुसऱ्या अंगाने मिळतो. धार रोडवरची वाहतूक ऐकू येण्याइतकी जवळ आहे. काळ्या अंगाचे, कपाळावर पांढरा टिळा असलेले वारकरी पक्षी मोठ्या संख्येने पाण्यावर पसरलेले असतात, काठच्या पाणगवतात जांभळ्या पाणकोंबड्या फिरतात, आणि एका बाजूला जलपर्णीची हिरवी गादी हातपाय पसरत असते. पहिल्यांदा आलेला विद्यार्थी छायाचित्र काढतो आणि ‘किती शांत वाटते’ म्हणतो. तीन हिवाळे येथे पक्षिगणना केलेला विद्यार्थी शांत नसतो. यंदा जलपर्णी कुठपर्यंत सरकली आहे, कोणत्या बाजूने सांडपाणी येते आहे आणि कोणते बदक आलेच नाही, हे तो सांगतो, आणि सांगताना चिडतो. हा तलाव आज रामसर यादीत आहे तो पद्मश्री भालू मोंढे आणि त्यांच्या सहकाऱ्यांसारख्या माणसांनी वर्षानुवर्षे त्याचा पिच्छा पुरवला म्हणून. त्या चिकाटीची मुळे अशा चिडण्यात आहेत, शांत वाटण्यात नाहीत.

यावर कोणी म्हणेल, की मग जवळीक वाढल्याने चिंता वाढतेच की. होय, वाढते. ज्याला वारकरी ओळखता येत नाही त्याला तो न आल्याचे दुःख होणार नाही. म्हणूनच निसर्गसहवासाला चिंतेवरचे औषध म्हणून विकणे मला अप्रामाणिक वाटते. तलावाकाठी बसल्याने मन काही काळ निवते, हे खरे. पण तलावाशी खरोखर संबंध जडला तर त्याच्या दुखण्याचा वाटाही येतो, आणि तो वाटा एकट्याने उचलायचा नसेल तरच झेपतो. येथे एक स्पष्ट करतो: ज्या मुलाची झोप उडाली आहे, जेवण तुटले आहे, जगण्यावरचे मनच उडाले आहे, त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले पाहिजे आणि विनाविलंब नेले पाहिजे. त्याला नदीकाठी पाठवून आपण मोकळे होऊ नये. मी बोलतो आहे ते त्या बहुसंख्य मुलांविषयी, ज्यांची भीती आजार नाही आणि तरीही जिला आजारासारखे वागवले जाते.

दुसरी अडचण महाविद्यालयांचे चालक खासगीत सांगतात. मुलांनी नाल्याचे पाणी मोजले, झाडे मोजली, तर उद्या ती प्रश्न विचारतील, वृक्षतोडीच्या हरकती घेतील, राजकारण होईल. ही भीती अनाठायी नाही. १९९१ पासून बंद पडलेल्या हुकुमचंद मिलच्या आवारात आपोआप माजलेले दाट रान तोडावे की राखावे, यावर शहरात वाद पेटलाच आहे. पण यालाच तर नागरिकत्व म्हणतात. राज्यघटनेच्या कलम ५१ क मध्ये वने, सरोवरे, नद्या आणि वन्यजीव यांचे रक्षण हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे, आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क कलम १४ आणि २१ मध्ये येतो असे म्हटले. कर्तव्य आणि हक्क दोन्ही शिकवायचे आणि ते बजावायला निघालेल्या मुलाला ‘अभ्यासाकडे लक्ष द्या’ म्हणायचे, हे फार काळ चालत नाही. मुलांना ते कळते, आणि त्यांच्या चिंतेतला विश्वासघाताचा भाग याच ठिकाणी तयार होतो.

व्यवहारात करायचे ते फार नाही. प्रत्येक महाविद्यालयाने चालत जाता येईल अशी एक जागा ठरवावी: कान्हचा एक टप्पा, तलावाचा एक काठ, रस्त्याकडेच्या जुन्या झाडांची एक रांग, किंवा रेवती टेकडीचा एक चौकोन. ती जागा बदलू नये. बाहेर पडणाऱ्या तुकडीने नोंदवही आत येणाऱ्या तुकडीच्या हाती द्यावी, म्हणजे दहा वर्षांनी तीत दहा वर्षांची माहिती असेल. आज एकाही महाविद्यालयाकडे अशी वही असल्याचे मला दिसलेले नाही. विज्ञानाच्या मुलांनी मोजावे, वाणिज्यच्या मुलांनी महापालिकेच्या अंदाजपत्रकातली त्या जागेची ओळ शोधावी, भाषेच्या मुलांनी काठावरच्या म्हाताऱ्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. वर्षातून एकदा प्रभागाच्या अधिकाऱ्याने महाविद्यालयात येऊन वहीतल्या नोंदींना लेखी उत्तर द्यावे. ही शेवटची अट वगळली, तर बाकी सगळ्याची पुन्हा फाईल होईल, कडुनिंबाच्या पानासकट.

२०२६ च्या जुलैमध्ये पदवीच्या पहिल्या वर्षाला बसणारी मुले सिंहस्थाच्या वेळी, २०२८ मध्ये, अजून महाविद्यालयातच असतील. त्यांनी आताच कान्हचे पाणी दरमहा ठरलेल्या जागांवरून घेऊन तपासायला सुरुवात केली, तर सिंहस्थापूर्वी सलग दीड वर्षाहून अधिक काळाच्या नोंदी त्यांच्या हाती असतील, आणि त्या नोंदी स्नानाच्या पाण्याच्या निकषापुढे ठेवून काय करणार असे विचारता येईल. यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही, शासनाचा आदेश लागत नाही. क्षेत्रीय कामाची तरतूद पूर्वीपासून आहे, प्रयोगशाळेत उपकरणे आहेत; विभागप्रमुखाने महापालिकेच्या झोन कार्यालयाला एक पत्र लिहायचे आहे आणि त्याची पोच फाईलला लावायची आहे.